सीमाभागातल्या मराठी शाळेसाठी सरकारी पैसा मागताना

‘आमच्या शाळेला निधी द्यावा’ एवढंच लिहिलेलं निवेदन कर्नाटकातल्या बीईओ (गट शिक्षणाधिकारी) ऑफिसात टपालाचा नंबर घेतं आणि तिथंच पडून राहतं. निधीची एकच पेटी नसते. शिक्षकाची जागा, नवी खोली, खडू-झाडूचा खर्च, प्रत्येकाची फाइल वेगळी. म्हणून एका अर्जात एकच मागणी.

सुरुवात शिक्षकांपासून करा. गळकं छप्पर एखादं वर्ष निभतं, शिक्षकाविना वर्ग निभत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट सांगतं: पहिली ते पाचवी ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, सहावी ते आठवी ३५ मुलांमागे १. अर्जात पट, मंजूर जागा, कायम शिक्षक आणि अतिथी (तात्पुरते) शिक्षक असे चार वेगळे रकाने करा. बहुतेक अर्ज इथंच फसतात: अतिथी शिक्षक भरलेल्या जागेत धरला, की रिकामी जागा कागदावरून गायब होते. प्रत्येक जागेपुढे ‘मराठी माध्यम’ लिहा आणि घटनेच्या ३५०-अ कलमाचा (भाषिक अल्पसंख्याक मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण) हवाला द्या. नाहीतर जागा भरल्याची नोंद होईल आणि येणाऱ्या शिक्षकाला मराठी वाचता येणार नाही.

पट लिहिताना यूडायस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीतला ३० सप्टेंबरचा आकडाच घ्या. हेडमास्तरांकडून प्रिंट मागून हजेरीपटाशी ताडून बघा. दोन्हींत फरक असेल तर आधी दुरुस्ती, मग अर्ज. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं वार्षिक शाळा अनुदानही पटावरच ठरतं: ३० मुलांपर्यंत १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार रुपयांपर्यंत. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या छोट्या शाळेत ३१ पैकी एक नाव नोंदवायचं राहिलं तरी १५ हजारांचा फटका बसू शकतो.

खोली हवी असेल तर एसडीएमसीचा (शाळा विकास व देखरेख समितीचा) ठराव, फोटो, पंचायत राज इंजिनिअरचं अंदाजपत्रक आणि जागेचा उतारा जोडा. उतारा अजून जमीन देणाऱ्याच्याच नावावर असेल तर आधी ते मिटवा. शिक्षण हक्क कायद्याच्या २२ व्या कलमाखालच्या शाळा विकास आराखड्यातही ही खोली असायला हवी.

अर्ज कन्नडमध्ये, सोबत मराठी प्रत. पटो न पटो, फाइलवरचा शेरा कन्नडमध्येच पडतो. बीईओंची सही-शिक्क्याची पोच घ्या, दुसरी प्रत डीडीपीआयना (शैक्षणिक जिल्ह्याच्या शिक्षण उपसंचालकांना) द्या. बेळगाव जिल्ह्यात शैक्षणिक जिल्हे दोन: खानापूरवाल्यांनी बेळगावला जायचं, निपाणीवाल्यांनी चिकोडीला. कल्याण कर्नाटकाच्या विशेष निधीचं नाव काढू नका. त्या भागाला खास दर्जा देणाऱ्या घटनेच्या ३७१-जे कलमात बेळगाव येत नाही.

वेळ चुकली तर सगळं वाया. राज्याचं बजेट फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, खात्याची आकडेमोड त्याआधीच झालेली असते. त्यामुळे ऑक्टोबरात अर्ज द्या. बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्णसौधात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात भरतं. प्रश्नाची नोटीस आधी द्यावी लागते, म्हणून आमदारांना नोव्हेंबरातच एका पानाचा तक्ता पोचवा. अधिवेशनाच्या दिवशी गेटवर दिलेल्या निवेदनाचा फोटो तेवढा छान येतो.

दोन महिने उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार वापरा. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. कर्नाटकाच्या नियमात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. लांबला तर नाकारायला तेवढं निमित्त पुरतं. ‘शिक्षक का नाहीत?’ असं विचारू नका. पोचेवरचा नंबर आणि तारीख टाकून त्या अर्जावरच्या शेऱ्यांच्या प्रती मागा.