घर्षण कमी झालं, पण धुतल्यावर किती उरलं?

टेक्स्टाइल करून पृष्ठभागाच्या रसायनात येत असाल, तर एक धरून चाला: पॉलिएस्टरचं घर्षण कमी करणं सोपं आहे, ते कमी ठेवणं अवघड. नुसत्या सिलिकॉन तेलात बुडवलेला धागाही कॅप्स्टनवर (धागा दांड्याभोवती वेढून घर्षण मोजण्याच्या साधनावर) देखणे आकडे देतो.

पॉलिएस्टरवर पीडीएमएस या सिलिकॉनच्या साखळ्या रासायनिक बंधाने जोडताना माझे पहिले आकडे असेच देखणे होते. हेक्झेनमध्ये सॉक्सलेट लावला (म्हणजे ताज्या द्रावकाने पुन्हा पुन्हा धुतलं) आणि जवळजवळ सगळा फायदा फ्लास्कमध्ये उतरला. न जोडलं गेलेलं पीडीएमएस जोडलेल्या साखळ्यांमध्ये अडकून राहतं आणि वंगणाचं काम तेच करतं. पाण्याच्या थेंबाचा कोन तेलावरही शंभर अंशांच्या आसपास येतो आणि जोडलेल्या थरावरही, त्यामुळे तो पुरावा नाही. एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखण्याच्या तंत्रात) १०२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास सिलिकॉन दिसेल. ते तेलाचं की साखळीचं, की काचेच्या सांध्याला लावलेल्या ग्रीसचं, हे तो सांगत नाही. दुसऱ्या टोकालाही हीच गोम आहे. गिरणीतून आलेल्या धाग्यावर स्पिन फिनिश (धागा बनवताना लावलेला तेलकट लेप) असतं, म्हणजे तुमचा कोरा नमुनाच वंगण लावलेला! त्यात इमल्सिफायर (तेल पाण्यात मिसळवणारे पदार्थ) असतात, ते हेक्झेनने नीट निघत नाहीत, म्हणून हेक्झेननंतर मिथेनॉलनेही धुवा.

तिसरा नमुना हवाच: प्लाझ्मा (विद्युतभारित वायूने पृष्ठभाग सक्रिय करणं) न करता, साखळी जोडणारं रसायन न वापरता तेलात बुडवलेला आणि बाकींच्या बरोबरीनेच धुतलेला. त्याचं घर्षण कोऱ्या नमुन्याइतकं परत आलं आणि तुमच्याचं आलं नाही, तरच साखळ्या बसल्या म्हणा. 'एवढं कोण तपासतं' म्हणणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. गाइड निवडताना पेपर मोजण्यापेक्षा 'धुतल्यावर किती?' हे विचारणारा माणूस शोधा.

घाबरू मात्र नका, हे जमतं. टोरांटो विद्यापीठातल्या गटाने २०२३ मध्ये नायलॉनवर आधी प्रायमर (पुढचा थर धरून ठेवणारा पहिला थर) आणि त्यावर पीडीएमएसच्या साखळ्या बसवल्या. नऊ धुण्यांनंतरही सूक्ष्मतंतूंची गळ नव्वद टक्क्यांहून जास्त घटलेली होती. घर्षण कमी म्हणून तंतू तुटणं कमी.

प्लाझ्मा केलेला धागा रात्रभर ठेवू नका, पृष्ठभागावरचे सक्रिय गट आत वळतात. आणि ताण लिहिल्याशिवाय घर्षणगुणांक लिहू नका. १८० अंशांच्या वेढ्यात आत जाणारा ताण १० ग्रॅम, बाहेर येणारा २० ग्रॅम, तर तो ०.२२, पण तंतूंमध्ये ताण वाढला की हाच आकडा सहसा उतरतो. कोरा नमुना १० ग्रॅमवर आणि तुमचा ३० वर मोजलात, तर तुलनेला अर्थ नाही.