काळजीची वही आणि तेर्साची वेळ

‘चिंता करतोस म्हणजे तुझा विश्वास कमी पडतो’ हे वाक्य चिंतेने बेजार झालेल्या माणसाला कधीही ऐकवू नये. आधीच छातीत धडधड, त्यात अपराधी वाटण्याची भर. बायबलमध्ये पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात (4:6) चिंता सोडायला सांगितलं आहेच, पण त्याऐवजी काय करायचं तेही लगेच सांगितलं आहे : आभार मानून आपली मागणी देवाला कळवा. आता ‘घराचं काहीतरी वाईट होईल’ ही मागणी होत नाही. ‘पाऊस लागायच्या आत कौलं चाळून होऊ देत’ ही होते. आणि मागणी इतकी नेमकी झाली की निम्मं नियोजन तिथेच झालेलं असतं.

काळज्या अशा नेमक्या करून वहीत लिहायला रोज 20 मिनिटं ठेवा. संध्याकाळी साडेसहाची वेळ सोयीची, कारण सातला चर्चमध्ये आंजेलाची (सांजप्रार्थनेची) घंटा झाली की थांबायला आपोआप निमित्त मिळतं. झोपण्याआधीच्या दोन तासांत मात्र हे करू नका, डोकं जागं होतं. दिवसभरात काळजी वर आली तर दोन शब्द टिपून ठेवा आणि ‘साडेसहाला बघू’ म्हणून हातातल्या कामाकडे वळा. सुरुवातीला ती शंभरदा परत येईल. येऊ दे, तितक्यांदा परत पाठवा.

साधी वही घ्या. फोनवर लिहायला गेलात की व्हॉट्सअ‍ॅप उघडतं. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे माझ्या हातातलं, उजवीकडे हातात नसलेलं. कौलांचंच घ्या. गोव्यात मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, म्हणून मेच्या सुरुवातीचं पान असं दिसेल : ‘सोमवारी सकाळी 9 वाजता मेस्त्रीला फोन. मंगळवारी फुटलेली कौलं मोजणे, चार-पाच जास्त धरणे. शनिवारपर्यंत मजुरीचे पैसे वेगळे काढणे.’ उजवीकडे : ‘वादळ किती मोठं येईल. तारवावर (जहाजावर) कामाला असलेल्या मुलाचं कंत्राट वाढेल की नाही.’

डाव्या बाजूच्या प्रत्येक ओळीत क्रियापद आणि वार हवाच, जमेल तिथे वेळही, आणि पहिलं पाऊल पंधरा मिनिटांत उरकणारं हवं. ‘छपराचं बघणे’ असं लिहिलंत तर ते आठवडाभर तसंच राहतं आणि रोज नव्याने छळतं. आधी हिशेब मांडणं अविश्वासाचं लक्षण वाटत असेल तर लूकच्या शुभवर्तमानातला 14:28 वाचा : बुरूज बांधणारा आधी बसून खर्च मोजतो, असं येशूच सांगतो.

उजव्या बाजूची एकेक ओळ मोठ्याने वाचून एका वाक्यात देवाच्या हवाली करा, तिच्यावर आडवी रेघ मारा, दिवसातल्या एका गोष्टीसाठी आभार माना, वही मिटा. मग तेर्स, म्हणजे रोजरीची जपमाळ.

इथे एक चूक हमखास होते. लक्ष उडालं म्हणून तेर्सातली ‘नमो मरिये’ ही प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा एकदा, नीट होईपर्यंत. किंवा तेच पाप दर आठवड्याला कुमसाराला (फादरपुढच्या पापकबुलीला). क्षणभर बरं वाटतं आणि शंका दुप्पट होऊन येते, कारण मनाला खात्री मागायची चटक लागते. अशा वेळी लक्ष उडालं तरी पुढे जायचं. एकाच फादरला विश्वासात घ्या आणि त्यांनी सांगितलेली मर्यादा पाळा.

रात्री दोनला जाग आली तर वही उघडू नका. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं; बाहेर सोडताना मनात ‘येशू’. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात. दुपारी दोननंतर कॉफी टाळा. झोपेसाठी फेणी तर नकोच : आधी गुंगी येते, पण दारूचा अंमल उतरला की पहाटे झोप मोडते आणि धडधड वाढते.

छातीत दुखणं हात-जबड्याकडे सरकलं किंवा दरदरून घाम आला तर ‘टेन्शन असेल’ म्हणत बसू नका, 108 ला फोन करा. झोप, भूक, काम यांचा विचका दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर डॉक्टर गाठा. गोव्यात बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो. मरण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी बोलायचं. गोळ्या सुरू झाल्या की नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) चालू आहे म्हणून मध्येच सोडू नका. कमी करायच्या असल्या तर डॉक्टरांनी सांगितलेल्या टप्प्यांनीच.