स्टेटमेंटमध्ये भांड्यांच्या दुकानाचं अनोळखी नाव दिसलं, तर तो खर्च कसा ओळखावा

महिन्याचं स्टेटमेंट वाचताना कुठल्याशा 'किचनवेअर' नावापुढे १,८४७ रुपये वजा झालेले दिसतात. घरात नवा गंज (मोठं पातेलं) आलेला नाही, कुकर जुनाच आहे आणि ते नाव तर कधी कानावरही पडलेलं नाही. अशा वेळी काही जण घाबरून लगेच फसवणुकीची तक्रार करतात आणि दोन दिवसांनी कळतं की मुलाने खोलीवर इंडक्शनची शेगडी घेतली होती. बाकीचे 'घेतलं असेल कोणीतरी' म्हणून पान उलटतात. ही दुसरी चूक जास्त महाग पडते, कारण कळवायला मुदत असते.

आधी मुदत

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणी पैसे काढले, आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसानीचा एक रुपयाही तुमच्यावर येत नाही. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंतचा भार सोसावा लागू शकतो. त्यानंतर बँकेचं स्वतःचं धोरण लागू होतं. पिन किंवा ओटीपी तुम्हीच कोणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं.

हे दिवस बँकेचा मेसेज मिळाल्यापासून मोजतात, तुम्ही स्टेटमेंट वाचल्यापासून नव्हे. मेसेज आला तो दिवस धरत नाहीत. म्हणून शोधाला एक संध्याकाळ द्या, आठवडा नको. रक्कम परकीय चलनात असेल, किंवा एकामागून एक अनेक वजावटी दिसत असतील, तर आधी कार्ड बंद करा आणि मग शोधत बसा.

पायरी १: नाव बाजूला ठेवा, बाकीची ओळ वाचा

नाव हा त्या ओळीतला सगळ्यांत फसवा भाग आहे. कार्डाच्या व्यवहारात दुकानाच्या नावाला जेमतेम बावीस-तेवीस अक्षरांची जागा मिळते आणि पासबुक छापताना त्यातलंही काही तुटतं. पैसे गेले कसे, हे आधी पाहा.

ओळीत 'पीओएस' असेल तर दुकानातल्या मशीनवर कार्ड चाललं आहे. 'ईकॉम' किंवा 'पीजी' (पेमेंट गेटवे) असेल तर ऑनलाइन. 'यूपीआय' असेल तर फोनवरून. इथेच निम्मा शोध संपतो. देशातल्या दुकानातून ऑनलाइन कार्डखरेदी करताना सहसा ओटीपी लागतो, म्हणजे त्या दिवशीचे मेसेज चाळले की खूण सापडते. पीओएसवर मात्र ५,००० रुपयांपर्यंत कार्ड नुसतं टेकवलं तरी पैसे जातात, पिन लागत नाही. त्यामुळे 'मी पिन टाकलाच नाही' हा फसवणुकीचा पुरावा ठरत नाही. घरातल्या कोणी तुमचं कार्ड नेलं होतं का, हा प्रश्न तेव्हा आधी विचारायचा.

कार्डाच्या ओळीत शहराचं नाव येतं. दुकान नागपूरच्या वर्धमाननगरात असूनही तिथे मुंबई किंवा बेंगळुरू छापलेलं असू शकतं, कारण मोठ्या साखळी दुकानांची नोंदणी मुख्य कार्यालयाच्या पत्त्यावर असते. उलट, एकट्या दुकानाचा व्यवहार असेल आणि तुम्ही त्या शहरात त्या दिवशी नव्हता, तर ते गांभीर्याने घ्या.

पायरी २: यूपीआयचा बारा आकडी क्रमांक

यूपीआयची ओळ साधारण अशी दिसते:

यूपीआय/डीआर/५२९१४०२७३३१८/अमुक ट्रेड/वायईएसबी/पेटीएमक्यूआर…

'डीआर' म्हणजे पैसे गेले. मधला बारा आकडी क्रमांक महत्त्वाचा. बहुधा त्याचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन आकडे वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. ५२९१ म्हणजे २०२५ मधला २९१ वा दिवस, १८ ऑक्टोबर. त्या दिवशी धनत्रयोदशी होती. अख्खं नागपूर इतवारीत नाहीतर बर्डीवर भांडी घेत होतं, हे आठवलं की अनोळखी 'ट्रेड'चा उलगडा अर्धा होतो. सणाच्या गर्दीतली खरेदीच महिन्याने सर्वांत कमी आठवते, म्हणून तारखेवरून पंचांगाकडे पाहणं फार उपयोगी पडतं.

'वायईएसबी' हा घेणाऱ्याच्या बँकेचा संकेत, आयएफएससी या शाखेच्या कोडची पहिली चार अक्षरं. इथे येस बँक. 'यूटीआयबी' म्हणजे अ‍ॅक्सिस. शेवटी यूपीआय पत्ता येतो. त्यात 'क्यूआर' असेल तर बहुतेक दुकानातल्या स्टिकरवर स्कॅन केलेलं आहे. एखाद्या माणसाचंच नाव आलं तरी दचकू नका. छोट्या दुकानांत काउंटरवरचा क्यूआर अनेकदा मालकाच्या, मुलाच्या किंवा सुनेच्या खात्याचा असतो. पाटीवर 'भांडी भांडार' आणि पासबुकात कुणाचं तरी आडनाव, असा प्रकार त्यातून होतो.

आता फोनमधली अ‍ॅप्स उघडा. एकच नाही, सगळी. गूगल पेमध्ये फोनपेवरून केलेला व्यवहार दिसत नाही आणि फोनपेमध्ये गूगल पेचा दिसत नाही. तारीख आणि रक्कम शोधा, तपशील उघडा, बारा आकडे जुळवा. फोनपेवर 'टी'ने सुरू होणारा एक लांब क्रमांकही दिसतो. तो बँकेच्या कामाचा नाही, 'यूटीआर' लिहिलेला बारा आकडी घ्यायचा. क्रमांक कुठेच जुळला नाही तर यूपीआय सर्कल पाहा. घरच्या माणसाला तिथे जोडलं असेल, तर त्याची खरेदीही तुमच्याच खात्यातून वजा होते.

यूपीआय लाइटने (छोट्या रकमांसाठीच्या फोनमधल्या पाकिटातून) दिलेले पैसे मात्र स्टेटमेंटमध्ये सुटे दिसत नाहीत. तिथे फक्त लाइटमध्ये रक्कम भरल्याची नोंद येते. चिमटा किंवा झारा घेतल्याची ओळ पासबुकात शोधत बसू नका.

पायरी ३: पाटीवरचं नाव आणि कागदावरचं नाव

ब्रँड एक, कंपनी दुसरी, हे स्वयंपाकघराच्या सामानात फार आहे. डी-मार्टमधून कढई घेतली तर कागदावर अव्हेन्यू सुपरमार्ट्स येतं. वेस्टसाइडची कंपनी ट्रेंट. पिजनचा कुकर म्हणजे स्टोव्हक्राफ्ट, मिल्टनची बाटली म्हणजे हॅमिल्टन हाउसवेअर्स, प्रेस्टिज म्हणजे टीटीके प्रेस्टिज. ब्रँडच्या स्वतःच्या वेबसाइटवरून मागवलं असेल तर कंपनीचं नाव येतं, किंवा पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थाचं, जसं रेझरपे, पेयू, सीसीअ‍ॅव्हेन्यू.

बिल हाती असेल तर त्यावरचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक घ्या. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा तो २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये टाकला की व्यवसायाचं कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव शेजारी शेजारी दिसतात. लॉगिन लागत नाही. पाटी आणि पासबुक यांचा मेळ घालायला यापेक्षा खात्रीची जागा नाही.

रकमेकडेही नीट पाहा. तोलून घेतलेल्या पितळी गुंडाचं (पाण्याच्या भांड्याचं) किंवा तांब्याच्या घागरीचं बिल १,८४७ असं आडनिडं येतं. मॉलमधला नॉनस्टिक तवा बहुधा ९९९ किंवा १,७९९ च्या घरात असतो. ऑनलाइन ऑर्डरचा माल दोन पेट्यांत निघाला तर काही दुकानं दोन वेगळ्या रकमा लावतात. स्टेटमेंटमधल्या जवळच्या तारखांच्या रकमांची बेरीज करून ती ऑर्डरच्या एकूण रकमेशी ताडून पाहा. डिलिव्हरी घेताना दारातच क्यूआरने पैसे दिले असतील तर नाव कुरिअर कंपनीचं येतं, दुकानाचं नाही. क्रेडिट कार्डावर व्यवहाराची आणि नोंदीची अशा दोन तारखा असू शकतात. शोधताना व्यवहाराची धरा.

पायरी ४: विचारा, पण योग्य जागी

घरात विचारताना 'अमुक किचनवेअर माहीत आहे का' असं विचारू नका, नाव कोणालाच माहीत नसतं. 'अठरा तारखेला शनिवारी अठराशेच्या आसपास भांडं कोणी घेतलं' असं विचारा. घरच्या कोणाला अ‍ॅड-ऑन कार्ड, म्हणजे तुमच्याच खात्यावरचं जोडकार्ड, दिलं असेल तर कार्डाचे शेवटचे चार आकडे आधी बघा, ते कोणाकडे आहे हे लगेच कळेल.

दुकानाचा अंदाज आला तर तारीख, वेळ, रक्कम आणि ते चार आकडे घेऊन जा. पीओएसच्या चिठ्ठीवर टर्मिनल आयडी (मशीनचा क्रमांक) असतो, दुकानदार मशीनच्या त्या दिवसाच्या हिशेबात तुमचा व्यवहार दाखवू शकतो. पूर्ण कार्ड क्रमांक मात्र कोणालाच द्यायचा नाही. दुकानाचा फोन नंबर इंटरनेटवर शोधून लावू नका. 'कस्टमर केअर' म्हणून ठगांनीच पेरलेले नंबर तिथे सापडतात. दुकानाचा बिलावरचा नंबर चालेल, बँकेचा कार्डामागचा. बोलता बोलता कोणी स्क्रीन शेअर करायला सांगितलं, तर तिथेच फोन ठेवा.

पायरी ५: तरीही उलगडलं नाही तर

बँकेला फोन करा आणि नेमकं मागा: मर्चंटचं पूर्ण नाव, टर्मिनल आयडी, बारा आकडी आरआरएन (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक), आणि दुकान कोणत्या धंद्याचं ते सांगणारा मर्चंट कॅटेगरी कोड. ५७१९ हा घरगुती सामानाच्या खास दुकानांचा कोड, भांड्यांची दुकानं त्यात येतात. ५७२२ घरगुती उपकरणांचा. कोड वेगळ्याच धंद्याचा निघाला, तर 'किचनवेअर' हे नाव नुसतं वरवरचं असू शकतं.

पैसे कशाचे हे कळलं, पण दोनदा गेले असतील, तर ती फसवणूक नाही. दुकानाला पैसे पोचल्याची खात्री मिळाली नसेल, तर कार्ड असो की यूपीआय, रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे, ती मागून घ्या.

व्यवहार खरंच तुमचा नसेल, तर क्रम असा ठेवा. बँकेच्या अ‍ॅपमधून कार्ड किंवा यूपीआय बंद. मग बँकेत तक्रार आणि तिचा क्रमांक लिहून घेणं. त्यानंतर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी गोठवायला थोडाच वेळ मिळतो. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा नागपूर शहर पोलिसांच्या सायबर ठाण्यात देता येते. तक्रारीनंतर १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. व्यवहार घरच्याच कोणाचा निघाला तर ते पैसे परत वळते होतात, म्हणून घरातली चौकशी आधी पुरी करा.

बँकेकडून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री क्रमांक आहे. फोन करण्याआधी बँकेच्या तक्रारीचा क्रमांक आणि तारीख समोर ठेवा.