नागपुरात राहून जाळ्यांचं काम शिकायचं असेल तर

तेलंगखेडीच्या मत्स्य विज्ञान कॉलेजातली पोरं बरेचदा विचारतात की भाऊ, सिलेक्टिव्ह गिअर म्हणजे नको तो मासा सोडून देणारं जाळं, यात करिअर करायचं म्हणतो पण समुद्र तर आठ-नऊशे किलोमीटर लांब, इथं काय शिकणार. अरे, तलाव आहेत ना.

तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या बारीक धाग्याचं, गिलनेट लावलेल्या तलावावर पहाटे जा. बारका रोहू आसातून, म्हणजे जाळ्याच्या भोकातून, आरपार जातो, मधला कल्ल्यामागं अडकतो, फार मोठ्याचं डोकंच शिरत नाही. मासा काढला की लांबी घ्याच, पण कल्ल्याच्या झाकणामागून दोरा गुंडाळून घेर पण घ्या, दोरा पट्टीवर ताणून आकडा लिहा. आस मोजायचा तर ताणून. वही खवल्यांनी चिकट होते, होऊ द्या. वेगवेगळ्या आसाच्या जाळ्यांचा डेटा मांडला की कोणत्या मापाचा मासा किती अडकतो त्याचा मधे उंच नि दोन्हीकडं उतरता कर्व्ह दिसतो, तो एकदा स्वतःच्या आकड्यातून निघाला की पुस्तक सोपं जातं.

ट्रॉलचा, म्हणजे बोटीमागं ओढायच्या जाळ्याचा, कर्व्ह एस सारखा, कारण मोठा मासा सहसा सुटतच नाही. तिथं सगळा खेळ शेवटच्या पिशवीचा, म्हणजे कॉडएंडचा. डायमंड आस ओढ बसली की मिटतो, चौकोनी उघडा राहतो, म्हणून आपल्या राज्यात ४० मिमी चौकोनी आसाचा नियम आहे. टेस्टिंगला बाहेरून बारीक आसाचं कव्हर लावतात म्हणजे सुटलेले पण मोजता येतात. ज्या लांबीचे निम्मे सुटतात ती एल-५०. मासा पहिल्यांदा अंडी देतो त्या लांबीच्या खाली ती आली तर डिझाइन कितीही भारी असो, परत बसा.

काम आहे का, तर आहे. कोचीच्या सिफ्टनं, म्हणजे मासेमारी तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेनं, जाळ्यातून कासव बाहेर काढणारं टेड बनवलंय, आणि टेडच्याच मुद्द्यावर २०१९ मधे अमेरिकेनं आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलं. पण खरी परीक्षा तांडेलासमोर, म्हणजे बोटीच्या कप्तानासमोर. बारीक मासा फिशमीलला, म्हणजे माशांच्या भुकटीच्या कारखान्याला, जाऊन त्याचा डिझेलचा खर्च निघतो, त्याला पर्यावरण सांगून काही होत नाही, किती रुपयांचा माल सुटला तो हिशोब आधी दाखवावा लागतो.

आत्तापासून आर, म्हणजे आकडेवारीची कॉम्प्युटर भाषा, शिका, तलावावरच्या ढिवर काकांकडून जाळं विणायला शिका. आणि उलटीची गोळी बोट सुटायच्या आधी घ्या, नंतर घेऊन फारसा फायदा नाही.