कुंडीतला पालक आणि कॅडमियमचा हिशेब

सेंद्रिय खत घातले की जमिनीतला जड धातू बांधला जातो आणि पिकात कमी उतरतो, एवढेच गृहीत धरून मी संशोधनाच्या पहिल्या वर्षी कॅडमियमयुक्त मातीत पालकाच्या कुंड्या मांडल्या होत्या. कंपोस्ट घातलेल्या कुंड्यांतील पानांत कॅडमियमचे प्रमाण, म्हणजे दर ग्रॅम शुष्क वजनामागचे कॅडमियम, खरोखरच कमी आले आणि मी तसा निष्कर्षही लिहून टाकला. मार्गदर्शकांनी तो वाचून फक्त पानांचे शुष्क वजन विचारले. प्रमाणाला त्या वजनाने गुणल्यावर लक्षात आले की रोपांनी एकूण कॅडमियम जवळपास तितकेच उचलले होते. वाढ जोमदार झाल्यामुळे ते अधिक पानांत विभागले गेले होते, इतकेच. खाणाऱ्याच्या दृष्टीने प्रमाणच महत्त्वाचे, हे खरे. पण मातीत धातू बांधला गेला की नाही, हे केवळ त्यावरून ठरवता येत नाही. म्हणून नव्याने या विषयाकडे येणाऱ्यांनी प्रमाण आणि एकूण शोषण हे दोन्ही आकडे मांडावेत, असा माझा आग्रह आहे.

दुसरी गोष्ट, सगळ्या धातूंना एकाच मापाने मोजू नये. शिसे आणि तांबे ह्युमिक पदार्थांशी, म्हणजे सेंद्रिय द्रव्य कुजून बनलेल्या गडद, टिकाऊ पदार्थांशी, घट्ट जोडले जातात, तर कॅडमियम व जस्त त्या मानाने सैल राहतात आणि त्यांच्यावर मातीच्या सामूचा (pH, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) प्रभाव मोठा असतो. तांब्याच्या बाबतीत तर खतातील विरघळणारा सेंद्रिय कर्ब त्याला उलट मातीच्या द्रावणात ओढून आणू शकतो. पाणी साचलेल्या भातखाचरात ताजे सेंद्रिय द्रव्य घातल्यास सूक्ष्मजीव प्राणवायू संपवतात, लोहाची ऑक्साइडे विरघळतात आणि त्यांना चिकटलेले आर्सेनिक मोकळे होते. बायोचार (कमी हवेत जाळून केलेला जैविक कोळसा) किंवा कंपोस्टमुळे शोषण घटले, तर ते सामू वाढल्यामुळे की सेंद्रिय द्रव्यामुळे, हे वेगळे करण्यासाठी तेवढाच सामू वाढवणारी, केवळ चुना घातलेली एक कुंडी अवश्य ठेवावी. माझ्या पहिल्या आराखड्यात ती नव्हती, आणि ती उणीव नंतर कोणत्याही विश्लेषणाने भरून निघाली नाही.

खताचेही आधी पृथक्करण करावे, कारण कोंबडीखतात पशुखाद्यातून आलेले तांबे व जस्त असू शकते. पाने नीट धुवावीत. त्यांवरची धूळ शिशाचे आकडे फुगवते.

सेंद्रिय द्रव्य कुजत जाते, त्यामुळे एका हंगामात बांधलेला धातू पुढेही तसाच राहील, असे धरता येत नाही. त्याच कुंड्यांत नवे खत न घालता आता मी दुसऱ्यांदा पालक पेरला आहे.