लांब मांड्या आणि स्क्वॉट

माझं मांडीचं हाड लांब, धड आखूड. स्क्वॉटला, म्हणजे खांद्यांवर वजनाचा बार घेऊन मारायच्या बैठकीला, खाली बसलं की छाती पुढे झुकायची, दुसऱ्या दिवशी कंबर धरायची. जिममध्ये सगळ्यांना एकच सूचना: गुडघे बोटांपुढे नकोत, पाठ ताठ. पण बार पावलाच्या मध्यावर राहिला तरच तोल राहतो. मांडी लांब असली की कुल्हे मागे जातात आणि धड झुकतंच. त्यात गुडघे अडवले तर आणखी झुकतं, म्हणून ही सरसकट सूचना मला अन्यायाची वाटते.

आधी घोटा तपासला. अंगठा भिंतीपासून चार बोटं लांब, टाच जमिनीवर, गुडघा भिंतीला लावायचा. पोचेना, म्हणजे घोटा पुरेसा वाकत नव्हता. मग टाचांखाली अडीच किलोच्या प्लेट्स ठेवल्या, पावलं खांद्यांपेक्षा थोडी रुंद घेतली, चवडे बाहेर वळवले आणि गुडघे त्याच दिशेने पुढे जाऊ दिले. भार लगेच मांड्यांवर आला. तालमीतल्या बैठकीतही टाचा उचलतात, गुडघे पुढे जातातच की!

सुरुवात छातीशी धरलेल्या डंबेलने केली, बार नंतर घेतला. लांब धडाचा माझा मित्र सपाट बुटांत ताठ बसतो. त्याला यातलं काहीच लागत नाही. प्लेट्स सरकतात, म्हणून सुताराकडून लाकडी पाचर करून घेतली.