दोर, चूल आणि गेरू: मुलांचं एकदिवसीय शिबिर पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

१० ते १४ वयोगटातली २४ मुलं धरून चालू. पहिल्यांदा शिबिर घेणारे यादीत आठ-दहा गोष्टी कोंबतात आणि मग निम्मी मुलं नुसती बघत उभी राहतात. गाठी, चूल आणि वारली चित्र एवढंच ठेवा. आठ-आठचे तीन गट करा, प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस हवं.

मुलं आल्याआल्या वारली चित्रांच्या खाकी कागदांवर गेरूचा हात मारून घ्या. दुपारपर्यंत ते खडखडीत वाळले पाहिजेत.

मग गाठी. प्रत्येकाला स्वतःचा दोन मीटर दोर हवाच, तोही सुती, ६ ते ८ मिलिमीटर जाडीचा. गुळगुळीत नायलॉनवर गाठ सरकते आणि मुलाला वाटतं, आपलंच चुकलं. रीफ नॉटला, म्हणजे दोराची दोन टोकं जोडणाऱ्या सपाट गाठीला, आधी उजवं टोक डाव्यावर, नंतर डावं उजव्यावर. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं की ग्रॅनी नॉट होते, जी ताणाखाली दगा देते. रीफची टोकं मूळ दोराला लागून समांतर राहतात, ग्रॅनीची आडवी बाहेर येतात. मुलांना हे स्वतः तपासू द्या. रीफ नॉट पट्टी बांधायला उत्तम, पण माणसाचा भार तिच्यावर कधीही टाकू नये.

हात बसला की दोन बांबू काटकोनात बांधायला द्या, जोडीला चार मीटर सुतळी पुरते. उभ्या बांबूला, आडव्याच्या लगेच खाली, क्लोव्ह हिच (बांबूभोवती दोन वेढे घेऊन टोक दुसऱ्या वेढ्याखालून ओढायची गाठ) घालायची. दोन्ही बांबूंभोवती तीन वेढे द्यायचे. मग बांबूंच्या मधून, त्या वेढ्यांवरूनच, दोन आवळते वेढे घेऊन आडव्या बांबूवर क्लोव्ह हिचने शेवट करायचा. सांगाडा डुगडुगला तर आधी हे आवळते वेढेच बघा. एकाने बांबू दाबून धरायचे आणि दुसऱ्याने प्रत्येक वेढा ओढत जायचं, मग ते सैल पडत नाहीत.

तीन दगडांच्या चुलीला नदीतले दगड नकोत. आत मुरलेलं पाणी तापून ते फुटतात. चुलीचं तोंड वाऱ्याकडे ठेवा. आधी काडेपेटीच्या काडीएवढ्या काटक्या, मग पेन्सिलएवढ्या, शेवटी अंगठ्याएवढ्या. घाईने मोठं लाकूड घातलं की हवा कोंडते आणि नुसता धूर होतो. पातेल्याला बाहेरून चिखलाचा लेप दिला तर काजळी सहज निघते. आठ जणांच्या खिचडीला ६०० ग्रॅम तांदूळ, ३०० ग्रॅम मूगडाळ आणि मापाने चौपट पाणी. ओढण्या कमरेला बांधलेल्या, पाण्याची भरलेली बादली शेजारी. त्याशिवाय काडी ओढायची नाही.

जेवणानंतर सावलीत वारली. तांदळाच्या पिठात पाणी आणि थोडा डिंक घालून दह्याइतकं दाट कालवा. बांबूच्या काडीचं टोक ठेचलं की कुंचला तयार. माणूस म्हणजे टोकाला टोक जुळवलेले दोन त्रिकोण. ओलं पीठ फिकं दिसतं, वाळल्यावर पांढरं उठतं. हे आधी सांगितलं नाही तर मुलं त्याच रेषेवर पुन्हापुन्हा गिरवतात आणि थर सुकून पोपडे निघतात.

निघताना राखेवर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. हिवाळ्यात आजूबाजूचं गवत वाळलेलं असतं, म्हणून राखेजवळ हाताची मागची बाजू नेऊन धग लागत नाही ना, हे पाहिल्यावरच जागा सोडा.